रडूबाई आणि सहावी गुंडाळी

१

रविवारी सकाळी दहा वाजता मावशीनं पुठ्ठ्याच्या लांब नळीची दोन्ही झाकणं काढली, नळी उभी धरून हलवली, आणि आतून काहीच पडलं नाही.

मग तिनं नळी डोळ्याला लावली, दुर्बिणीसारखी. पलीकडे मी दिसले.

"गुंडाळी कुठंय?" तिनं विचारलं.

"त्यातच होती. काल सहाला निघताना मी स्वतः हलवून बघितली. धप् असा आवाज आला होता."

"आता फक्त हवेचा येतोय," मावशी म्हणाली आणि दारातल्या स्टुलावर बसली. माझी मावशी कामाच्या जागी कधीच बसत नाही. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

ते किती गंभीर होतं ते आधी सांगते. मावशी घरं सजवते. आधी ती एका मोठ्या कंपनीत होती, पण तिथं गिऱ्हाइकांच्या उरलेल्या मालाला पाय फुटायचे. मावशीनं त्यावर तोंड उघडलं, नोकरी सोडली, तर मागे राहिलेल्यांनी उलट तिच्यावरच आळ घातला. सहा महिने कुणी काम देईना. मग ह्या घराच्या मालकीणबाईंनी दिलं. त्या विमान चालवतात. त्या म्हणाल्या होत्या, "मी पण ऐकलंय तुमच्याबद्दल. तरी देते. फक्त दारासमोरची भिंत करा. ती जमली तर पुढचं अख्खं घर. आणि एक अट. कागदाच्या सहा गुंडाळ्या येतील, भिंतीला पाच लागतील. सहावी मी परतेन तेव्हा माझ्या हातात हवी."

त्या आज संध्याकाळी पाच वाजता परतणार होत्या.

आता भिंतीबद्दल. शाईच्या बाटलीत आतून बघावं तसा गर्द निळा रंग, आणि त्यावर केशरी करकोचे. माझ्या हाताएवढ्या लांब मानांचे, एका पायावर उभे, मध्ये रुंद पानं. कागद हातानं छापलेला आणि छपाई उठावाची. डोळे मिटून बोट फिरवलं तरी पीस न् पीस लागतं. छापणाऱ्यांकडे तो रंग संपला होता. सहा गुंडाळ्या, एका गुंडाळीत छतापासून जमिनीपर्यंतचा एक पट्टा, आणि बस.

काल मी दिवसभर तिथं होते. कागद लावत होते डिंकूकाका. त्यांचं खरं नाव काही वेगळंच असणार, पण पस्तीस वर्षं खळ लावून लावून त्यांच्या बोटांना कायमची चकाकी आली आहे. काय काम करतात! खळ लावली की पट्टा दुमडून बरोबर सात मिनिटं ठेवायचा. "कागद पाणी पितो, फुगतो. प्रत्येकाला सारखंच पाजायचं, नाहीतर भावंडांत भांडण," असं ते म्हणाले. मग ओळंबा, म्हणजे वजन बांधलेली दोरी, सोडून पट्टा असा बसवतात की अर्धा करकोचा ह्या पट्ट्यावर, अर्धा त्या पट्ट्यावर, आणि करकोच्याला कळत पण नाही.

मी पाचही पट्ट्यांशी ओळख करून घेतली. हाताची छपाई, त्यामुळे सगळे करकोचे अगदी सारखे नसतात. मधल्या, म्हणजे तिसऱ्या पट्ट्यावरच्या एकीच्या डोळ्यातली शाई खाली ओघळली होती. काजळ फिसकटल्यासारखी. तिचं नाव मी रडूबाई ठेवलं.

दिवसभर माझी बडबड चालू होती, हेही कबूल करते. गेल्या वर्षापर्यंत मी हजेरीला 'हजर' म्हणायलाही घाबरायचे, नुसता हात वर करायचे. ह्या वर्षी वक्तृत्वात पहिली आले, आणि तेव्हापासून नळ उघडा राहिलाय, असं आई म्हणते. काकांनी खळीचा ब्रश बाजूला ठेवून माझं बक्षिसाचं भाषण अख्खं ऐकलं. टाळ्याही वाजवल्या. चिकट टाळ्या.

"काल सहानंतर ह्या घरात कोण कोण आलं?" मावशीनं हळूच विचारलं.

मी वही काढली. तेवढ्यात माझी नजर टेबलावर गेली.

ते ठरल्या जागेवर नव्हतं.

२

टेबल म्हणजे भिंतीलगतचं ते अरुंद कॉन्सोल. त्याचं चित्र मावशीनं महिनाभर काढलं होतं. साधं लाकूड, नक्षी नाही, काडीसारखे चार पाय, खालचा भाग उघडा, म्हणजे करकोच्यांचे पाय दिसत राहतील. "भिंत बोलत असेल तर टेबलानं ऐकायचं," असा तिचा नियम आहे. मला हा नियम इतका आवडला की मी तो शाळेच्या वहीच्या कव्हरवर लिहिलाय, आणि एक दिवस पाळणारही आहे.

टेबल करणारे सुतारदादा अकराला आरसा लटकवायला आले. मी त्यांना दारातच गाठलं.

"दादा, काल तुम्ही किती वाजता आलात?"

"तू काय पोलीस?"

"अजून नाही."

ते हसले. "साडेसहाला आलो. आजोबांनी दार उघडलं. टेबल ठेवलं, सातला गेलो."

आजोबा म्हणजे मालकीणबाईंचे वडील. ते इथंच राहतात.

"टेबल कसं ठेवलं होतं?"

"कसं म्हणजे? भिंतीपासून दोन बोटं. ताईंनी तसंच सांगितलं होतं." त्यांनी टेबलाकडे पाहिलं आणि भुवया वर केल्या. "हे कोणी हलवलं? हे तर वीतभर लांब आहे. आणि ही बघ, मागच्या पायाखालची जाड लोकरी नमद्याची चकती सरकलीय. मी ठेवलं तेव्हा चारही जागेवर होत्या. माझं टेबल कुणी असं ओढत नाही, उचलतात."

"जाताना तुमच्या हातात काहीतरी लांब होतं का?"

दादा गंभीर झाले. "हे कोण म्हणालं?"

"कोणी नाही. मी नुसतं विचारलं."

"होतं. टेबल गुंडाळून आणलेला पुठ्ठा. टेम्पोत आहे, बघून घे." मग मावशीकडे वळून ते म्हणाले, "ताई, काय हरवलंय का?"

मावशीनं सांगितलं. दादांनी स्वतःच टेम्पोचं फाळकं उघडलं. पुठ्ठा होता, करवत होती, अर्धवट खाल्लेला बिस्किटांचा पुडा होता. गुंडाळी नव्हती.

"मी गेलो तेव्हा ती नळी त्या कोपऱ्यात उभी होती," दादा म्हणाले. "माझा धक्का लागला, पडली. जड होती."

म्हणजे सात वाजता गुंडाळी घरात होती. आणि सातनंतर घरात एकच माणूस होता.

३

आजोबा गॅलरीत बसले होते. त्यांच्या डोळ्यांना दोन वर्षांपासून सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसतं. मालकीणबाईंनी एवढा भडक कागद निवडला तो त्यामुळेच. गडद निळ्यावर केशरी, हे त्यांना दिसतं. ह्या इमारतीत सगळी दारं सारखी, आणि दोनदा ते शेजाऱ्यांच्या घरात जाऊन बसले होते. आता दार उघडलं की समोर करकोचे. मला वाटतं, भिंत निवडायला ह्याहून चांगलं कारण असूच शकत नाही.

"आजोबा, काल सातनंतर कोणी आलं होतं?"

"आलं असेल. म्हाताऱ्याकडे झोप येते, ती आली होती."

"सहावी गुंडाळी गायब आहे. मावशीवर आळ येईल."

त्यांचा चेहरा उतरला. बोटं खुर्चीच्या हातावर वाजू लागली. "ह्या दारातून गुंडाळी बाहेर गेलेली नाही, एवढं मी सांगतो. तुझ्या मावशीला सांग, घाबरू नको म्हणावं."

"कशावरून?"

"माझे कान चांगले आहेत."

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि मला वाटतं तिथंच मी खरी गुप्तहेर झाले. ओट्यावरच्या भांड्यात दोन कप होते. आजोबा बिनसाखरेचा चहा पितात. एका कपाच्या तळाशी साखरेचा बोटभर गाळ.

तीन चमचे साखर घालून, न ढवळता चहा पिणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला होता. कालच पाहिला होता.

४

डिंकूकाका साडेबाराला आले, मावशीनं फोन केला म्हणून. डोळे लाल, झोप न झाल्यासारखे.

"काका, काल तुम्ही परत आला होतात?" मावशीनं विचारलं.

"ओळंबा विसरलो होतो. साडेसातला आलो होतो."

"गुंडाळी होती तेव्हा?"

काका टोपीची कड चिमटीत फिरवत राहिले.

"काका, मी तुम्हाला चोर म्हणत नाहीये."

"म्हणा की, ताई. सोपं जाईल. गुंडाळी माझ्या हातून गेली, एवढं बाईंना सांगा. तुमचं नाव मध्ये यायला नको."

"पण गेली कुठे?"

"ते नका विचारू."

मावशीचे डोळे भरून आले. तिला काका दहा वर्षं माहीत आहेत. मोठी कंपनी सोडली तेव्हा तिच्यामागून बाहेर पडलेला एकच माणूस तो. "काका, तुम्ही नाही घेणार," ती म्हणाली. "पस्तीस वर्षांत एक पट्टा उतरवायची वेळ आली नाही, असं सांगता ना तुम्ही? असा माणूस गुंडाळी पळवतो होय?"

पट्ट्याचा शब्द निघाला आणि काका असे दचकले की जणू कुणी चिमटा काढला. ते खिडकीकडे वळले.

मला ते बघवेना. मी भिंतीकडे गेले. मन लागेना तर ओळखीच्या माणसाशी बोलावं, म्हणून मी रडूबाईला शोधायला लागले. तिसरा पट्टा, वरून दुसरी रांग.

तिथं करकोचा होता. मान तीच, पाय तोच. डोळा मात्र स्वच्छ, कोरडा, नुकता आंघोळ केल्यासारखा.

मी पहिला पट्टा बघितला. दुसरा, चौथा, पाचवा. मग मोबाईलमधला कालचा फोटो काढला. फोटोत रडूबाई मधल्या पट्ट्यावर टिपं गाळत उभी होती. भिंतीवर ती कुठंच नव्हती.

मी पहिल्या पट्ट्यावर तळहात ठेवला. कोरडा. दुसरा कोरडा. तिसरा गार लागला, माठाच्या अंगासारखा.

सहावी गुंडाळी चोरीला गेलेलीच नव्हती. सकाळपासून आम्ही तिच्यासमोर उभं राहून तिला शोधत होतो.

५

पण का? एवढा सुंदर लावलेला पट्टा कोण उतरवतं? आणि उतरवला तर सांगत का नाही?

काकांना विचारण्यात अर्थ नव्हता. ते चोर व्हायला तयार होते, पण बोलायला नाही. मी आजोबांच्या खोलीत गेले. कोणी ऐकू नये म्हणून दार आतून लोटलं, आणि माझ्या तोंडून चक्क शिट्टी निघाली.

दाराच्या आतल्या बाजूला, वरपासून खालपर्यंत, निळा पट्टा. आणि माझ्या डोळ्यांसमोर रडूबाई, काजळ फिसकटलेली, मला बघून रडतेय की हसतेय कळेना.

"सापडली का तुला?" पलंगावरून आजोबा म्हणाले.

"आजोबा, आता सगळं सांगा."

त्यांनी उठून दारावर हात ठेवला. बोटं खाली खाली नेली, रडूबाईच्या पायापर्यंत. "सुतार गेल्यावर मी भिंत बघत होतो. बघत होतो म्हणजे अशी. पहिले दोन पट्टे, काय सांगू, जोड सापडेना. माणसाचा हात आहे की काय आहे. आणि तिसऱ्यावर, खाली, टेबलामागे, करकोच्याचा पाय तुटला. एवढासा. नखाच्या जाडीएवढा. दुसऱ्या पट्ट्यावरचा गुडघा आणि तिसऱ्यावरची नडगी जुळेना. वरच्या बाजूला सगळं बरोबर, खाली जाता जाता लांबलेलं."

"मग काका आले."

"मी सांगितलं. त्यांनी बॅटरी लावून पाहिलं. त्यांनाही दिसेना, इतकं बारीक. मग डोळे मिटून बोट फिरवलं, आणि खाली बसले. मी म्हटलं, जाऊ दे हो, टेबलामागे कोण बघतंय. तर म्हणाले, तुम्ही बघताय ना. ही भिंत माझ्यासाठी आहे, पोरी. हे त्यांनी ओळखलं. खळ ओली होती, पट्टा सालीसारखा अख्खा निघाला. साडेनऊपर्यंत दोघं राबलो. मी बादली धरली."

"आणि जुना पट्टा?"

"मीच मागून घेतला. फेकायचं म्हणजे जिवावर आलं. आतून माझी खोली मला ओळखू येते आता."

"पण हे सांगायला काय हरकत होती? मालकीणबाई तुमचीच मुलगी."

"मी पण तेच म्हटलं. त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. पट्टा लांबला कसा हे कुणी विचारू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. का, ते मला नाही माहीत."

मी दाराला टेकून उभी राहिले. वरच्या बाजूला बरोबर, खाली लांबलेलं. कागद पाणी पितो, फुगतो. प्रत्येकाला सारखंच पाजायचं.

मी मोबाईलमधले कालचे फोटो पुन्हा काढले. प्रत्येक फोटोवर वेळ असते. तीन वाजून दहा: काका तिसऱ्या पट्ट्याला खळ लावून तो दुमडताहेत. त्यानंतर मोबाईल खिडकीत टेकवून काढलेले माझे स्वतःचे सतरा फोटो. मी हात वर करून, मी एक बोट उगारून, मी डोळे मिटून, कारण भाषणात तिथं एक गंभीर वाक्य आहे. आणि तीन चौतीस: काका पट्टा घेऊन शिडीवर.

सातच्या जागी चोवीस मिनिटं.

गुन्हेगार सापडला होता. माझा गणवेश घालतो आणि वक्तृत्वात पहिला येतो.

६

पाच वाजता मालकीणबाई आल्या. बॅग खाली ठेवली आणि तिथंच उभ्या राहिल्या. बराच वेळ.

मी पण त्यांच्या नजरेनं पाहिलं. निळा अंधार, त्यातून चालत येणारे करकोचे. पुढं ते शांत टेबल. त्यावर मावशीनं तीनच वस्तू ठेवल्या होत्या: डाव्या बाजूला उंच, साध्या कापडी टोपीचा दिवा, उजवीकडे किल्ल्यांसाठी पसरट वाटी, आणि मधे मोकळी जागा. वर गोल आरसा, असा टांगलेला की एकाही करकोच्याची मान कापली गेली नव्हती आणि दोघं दोन्हीकडून वाकून त्यात तोंड बघत होते. हे मी सकाळपासून दहा वेळा पाहिलं होतं आणि अकराव्यांदा पोटात गुदगुल्या झाल्या.

बाईंनी किल्ल्या वाटीत टाकल्या. छान आवाज आला.

"सुंदर," त्या म्हणाल्या. "सहावी गुंडाळी?"

काका पुढे झाले. "बाई, ती माझ्या—"

"काका, थांबा," मी म्हणाले. "ती भिंतीवर आहे."

मग मी सगळं सांगितलं. टेबल, चकती, साखरेचा कप, रडूबाई. भाषणासारखं नाही, हात न हलवता. मावशी तोंडावर हात ठेवून ऐकत होती. शेवटचा भाग आला तेव्हा गेल्या वर्षीसारखं वाटलं, नुसता हात वर करावा.

"पट्टा लांबला, कारण तो भिजत असताना मी काकांना माझं भाषण ऐकवत होते. चोवीस मिनिटं. चूक काकांची नाही. मावशीची तर नाहीच."

मावशी काकांकडे वळली. "एवढंच सांगायचं होतं ना, काका. चोर व्हायला निघालात?"

काकांनी टोपी काढली. "ताई, तुम्हीच म्हणाला होतात, पोर वर्षानुवर्षं तोंड उघडत नव्हती. आता कुठं बोलायला लागली. तिच्या बोलण्यानं काम बिघडलं हे तिच्या कानावर गेलं असतं तर पुन्हा मिटली असती. गुंडाळीचं काय, माझ्या नावावर गेली असती. आणि चूक माझीच होती. घड्याळ माझ्या हातात होतं. पण भाषण खरंच चांगलं होतं हो."

माझ्या डोळ्यांतलं काजळ फिसकटलं. मी काजळ लावत नाही, तरी.

मालकीणबाईंनी टेबल बाजूला केलं. उचलून, ओढून नाही; सुतारदादांना बरं वाटलं असतं. त्या गुडघ्यांवर बसल्या आणि तिसऱ्या पट्ट्याच्या कडेवर बोट फिरवू लागल्या. वर, खाली, पुन्हा वर.

"जोड कुठे आहे?"

"इकडे," आजोबा म्हणाले. ते आपल्या खोलीतून एकटेच चालत आले होते, कशाला न धडकता. त्यांनी मुलीचं बोट धरून एका जागी ठेवलं. "इथं आहे. पण मलाही आज दोनदा शोधावा लागला."

बाई उठून मावशीला म्हणाल्या, "सहावी गुंडाळी मिळाली असं मी समजते. उरलेल्या घराला कधी सुरुवात करताय?"

मावशीनं उत्तर द्यायच्या आधी मला इतक्या जोरात जवळ घेतलं की माझी वही चुरगळली.

"माझ्या खोलीला बाहेरून पण एक करकोचा हवा," आजोबांनी मध्येच मागणी केली. "आतून ठीक आहे, पण आत येणार कसा?"

रडूबाईचा पट्टा दारापेक्षा लांब होता, त्यामुळे त्यातला दोन फुटांचा तुकडा उरला होता. काकांनी तो पिशवीतून काढला. फेकणं त्यांच्याही जिवावर आलं होतं. त्यांनी खळ कालवली, ब्रश माझ्या हातात दिला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कागदाला खळ लावली. तुकडा दुमडून स्टुलावर ठेवला.

मी ओठ आत ओढून उभी होते.

"अशी काय उभी राहिलीस?" काका म्हणाले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडून माझ्या हातावर बांधलं. पट्टा चिकट होता. "बोल की. सात मिनिटं आहेत."

मी बोलले. शाळेबद्दल, सुतारदादांच्या बिस्किटांबद्दल, मोठी झाल्यावर मी काय काय होणार त्याबद्दल. सात मिनिटं भरली तेव्हा मी वाक्याच्या अगदी मध्यावर होते. तिथंच थांबले आणि तुकडा उचलून काकांच्या हातात दिला.